घरच्या गाडीला ड्रायव्हर ठेवताय? आधी त्याची झोप ठरवा, मग पगार

आमच्या गल्लीत, जळगावच्या महाबळला, सहा घरांपुढे गाड्या उभ्या असतात आणि त्यातल्या चार चालवायला घरात कोणी उरलेलंच नाही. पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काकूंना गाडी येत नाही, आणि मधल्या वयाचे आम्ही लोक सकाळी भुसावळ नाहीतर एमआयडीसी गाठायच्या घाईत. मग दर आठ दिवसांनी ग्रुपवर मेसेज पडतोच, भाऊ कोणी ओळखीचा ड्रायव्हर आहे का, चांगला पाहिजे. आता चांगला म्हणजे काय हे कोणीच लिहीत नाही. मी पण नव्हतं लिहिलं.

आमचा पहिला ड्रायव्हर कागदावर एकदम चोख होता, लायसन्स होतं, हात साफ होता, दारू नाही, तंबाखू नाही. पुण्याहून रात्री जेवून निघालो, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे पहाटे साडेतीनच्या सुमाराला गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि कठड्याला घासली. आरसा गेला, दोन दरवाजे गेले, माणसं वाचली. नंतर कळलं की आदल्या रात्री तो दुसऱ्याच्या लग्नाच्या गाडीवर होता, सकाळी सहाला घरी आला आणि नऊला आमच्याकडे हजर. मी निघताना विचारलं होतं, दमला नाहीस ना? तर म्हणे, "काही व्हत नई भाऊ, आपलं रोजनं शे," म्हणजे आपलं रोजचंच आहे. आणि मी ते ऐकून मागे मान टाकून झोपलो, म्हणजे चूक त्याच्या इतकीच माझी.

त्याच्यानंतर दोन ड्रायव्हर झाले, सध्याचा तिसरा. या सगळ्यात जे शिकलो ते सविस्तर लिहून काढतोय, गाडी स्वतःची आणि ड्रायव्हर पगारी असा हिशोब धरून.

आधी पंधरा दिवस वहीत लिहा

ड्रायव्हर शोधायच्या आधी हे करा, कंटाळा आला तरी करा. गाडी कधी निघाली, कुठे गेली, किती वाजता परत आली आणि त्यातली किती वेळ नुसती उभी होती, एवढंच लिहायचं. आमच्याकडे निघालं असं की बायकोला सकाळी ९ ला भुसावळला हॉस्पिटलला सोडायचं, संध्याकाळी ६ ला आणायचं, मधे आईची फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, आणि पोराची क्लास संध्याकाळी ७ ते ९. म्हणजे गाडी चालते तीन तास पण माणूस अडकतो तेरा तास. इथेच बहुतेक घरं फसतात. आपण म्हणतो काम काय आहे हो, दिवसातून चार फेऱ्या, आणि तो बिचारा सकाळी साडेआठपासून रात्री साडेनऊपर्यंत बांधलेला असतो.

आपल्या खान्देशात डोक्यात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, गणित पक्कं बसलेलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सालदार ठरला की वर्षभर हाक मारली तर हजर, पहाटे पाणी द्यायला पण आणि रात्री राखणीला पण. ड्रायव्हरलाही आपण नकळत तसंच धरतो. पण सालदाराला बांधावर डुलकी लागली तर फार तर वाफा फुटेल, इथे ८० च्या स्पीडला ४ सेकंद डोळा लागला की गाडी जवळपास ९० मीटर आंधळी पळते.

वही झाली की मग ठरवा कोणत्या पद्धतीने ठेवायचा. महिन्यावर ठेवायचा असेल तर रोजचं काम पाहिजे, नाहीतर तो दिवसभर बसून कंटाळतो आणि दुसऱ्या महिन्यात बाहेरची भाडी मारायला लागतो. आठवड्यातून दोन-तीनदाच गाडी निघत असेल, जसं नुसते आई-वडील घरी आहेत आणि दवाखाना, बँक, सराफ बाजार एवढंच आहे, तर दिवसावर बोलवा, पण एकच माणूस ठरवून त्यालाच बोलवा, दर वेळी नवा नको. आणि महिन्यातून एकदाच लांब जायचं असेल तर ड्रायव्हरच्या भानगडीत पडूच नका, सरळ पिवळ्या नंबर प्लेटची गाडी ड्रायव्हरसकट करा.

पिवळ्याच प्लेटची, हे मुद्दाम सांगतोय. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या प्लेटची सात सीटर भाड्याने घेऊन वणीला सप्तशृंगीला जाणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, स्वस्त पण पडतं. पण खासगी गाडी भाड्याने चालवायची परवानगीच नसते, आणि अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की पैसे देऊन बसला होता का. क्लेम तिथेच अडकतो.

माणूस शोधायचा कुठे

सगळ्यात भरवशाची माहिती गॅरेजवाल्याकडे असते. कोणाच्या हाताखाली क्लच प्लेट लवकर जाते, कोण उतारावर न्यूट्रल टाकतो, कोणाच्या गाडीचे टायर वर्षात गुळगुळीत होतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं, फक्त मोकळं बोलायला चहा पाजावा लागतो. दुसरी जागा म्हणजे मोठ्या दवाखान्यांच्या पार्किंगमध्ये डॉक्टरांचे जे ड्रायव्हर थांबतात ते. त्यांच्यात कोण रिकामा झाला, का झाला, हे सगळं त्यांना माहीत. आधीच्या मालकाला फोन करणार असाल तर "कसा आहे" असं विचारू नका, सगळे चांगलाच आहे म्हणतात. "परत ठेवाल का" असं विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा.

कागदपत्रं

लायसन्सचा नुसता फोटो घेऊन ठेवायचा नाही. नंबर आणि जन्मतारीख घेऊन परिवहनच्या सारथी साइटवर स्वतः तपासा, चालू आहे की संपलंय, कोणत्या गाडीचं आहे ते सगळं दिसतं. घरच्या कारला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं, त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. भाड्याच्या टॅक्सीचं पण सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही चालतं, त्यामुळे त्याच्यावरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. संपायची तारीख मात्र मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. पन्नाशी ओलांडलेल्या ड्रायव्हरचं लायसन्स फार वर्षांचं मिळत नाही, ५५ नंतर तर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि जुनी माणसं हे विसरतात. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली तर दंड चालवणाऱ्याला वेगळा आणि मालकाला वेगळा, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला पाच हजार दंड आहे, तुरुंगवासाची पण तरतूद आहे.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा. मागताना लाजू नका, आणि तोंड वाकडं करून पण मागू नका, फीचे पैसे आपण द्यायचे. आमच्या सध्याच्या ड्रायव्हर भाऊंना मी सरळ म्हटलं, घरात म्हातारी माणसं आहेत, पोरगं आहे, म्हणून लागतं. ते म्हणे द्यायचंच की साहेब, माझी पण पोरगी रिक्षाने शाळेत जाते.

ट्रायल, आणि ती दोनदा

एक ट्रायल सकाळी आणि एक अंधार पडल्यावर. गावातल्या गावात चक्कर मारून काही कळत नाही. मी महाबळहून आकाशवाणी चौक, तिथून हायवे, बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत आणि परत अजिंठा चौफुलीला असा रस्ता ठेवतो, त्यात सगळं येतं, चौकातली घुसाघुशी, ट्रकच्या मागे चालणं, ओव्हरटेक आणि मधेच उलट्या बाजूने येणारे मोटरसायकलवाले.

मी मागच्या सीटवर बसतो, पुढे नाही. पुढे बसलं की आपण रस्ता बघतो, मागे बसलं की आरशात त्याचे डोळे दिसतात. आरसा किती वेळा बघतो, फोन वाजला तर हात कुठे जातो, समोरचा लाइट मारतोय तर हा पण अप्पर मारून भांडतो की डीपरवर येतो, पुढच्या ट्रकच्या किती जवळ जातो, हे बघा. अंधारातल्या ट्रायलला तर आपल्याकडे फार किंमत आहे. शहादा-नंदुरबारकडे सीझनला उसाच्या जुगाड ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना चाललेल्या असतात, रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक रस्त्याच्या कडेला अर्धे आत अर्धे बाहेर भरत असतात, आणि कापसाच्या गाडीला तर रुंदी किती हे तिच्या ड्रायव्हरला पण माहीत नसतं. रात्री ६० च्या वर गेला नाही म्हणून त्याला नापास करू नका, उलट तोच पास.

एक प्रश्न गाडी चालू असताना सहज विचारायचा: काल रात्री किती वाजता झोपले भाऊ? ऐकायला गप्पा वाटतात, पण दुसरीकडे काय ड्यूटी करतो ते इथेच बाहेर येतं. रात्री एखाद्या ट्रॅव्हल्सवर किंवा माल गाडीवर जाणारा माणूस दिवसा घरच्या गाडीला नको, कितीही चांगला असला तरी.

तास, मग पैसे

आता मुख्य गोष्ट. पगाराचं बोलणं करायच्या आधी तास कागदावर घ्या. वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा जो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं होतं. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्यांना लागायचा, आपल्या घरच्या एका ड्रायव्हरला नाही, पण मोजमाप म्हणून ते वापरायला काय हरकत आहे, लोकांनी विचार करूनच लिहिलंय.

आमचं असं ठरलंय. सकाळी साडेआठ ते साडेअकरा, मग संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, मधे तो घरी. आईची फिजिओथेरपी सकाळच्या पाळीत सरकवली, डॉक्टरांना विनंती केली तर वेळ बदलून मिळाली. तेरा तासांचं सात तासांवर आलं आणि पगार तोच ठेवला. लोक म्हणाले वेडा आहेस. पण माणूस दुपारी घरी जेवून झोपून येतो, आणि संध्याकाळी भुसावळच्या हायवेवर बायको त्याच्या भरवशावर येते, मला त्याचाच पगार द्यायचाय.

जास्तीच्या तासाचा भाव आधीच काढा. नुसतं गणितासाठी समजा महिना १५,००० ठरला, २६ दिवस आणि रोजचे ८ तास, तर दिवसाचे ५७७ आणि तासाचे ७२ पडतात. मग रात्री दहानंतरच्या तासाला दीडपट की दुप्पट, बाहेरगावी मुक्काम झाला तर नाईट किती, जेवणाचे वेगळे की त्यात धरून, हे सगळं एका पानावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या. स्टॅम्प पेपर वगैरे नाही केलं मी. साप्ताहिक सुट्टी कोणती, आखाजी, कानबाई, पोळा, दिवाळी यातली कोणती सुट्टी पगारी, ते पण लिहा. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशी देवीच्या सणाच्या रोटांना अख्खी भाऊबंदकी गावी जमते, त्या दिवशी ड्रायव्हर येणार नाही हे गृहीत धरा, तेव्हा फोन करकरून त्याला बोलवणं म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरा शोधायची तयारी.

उचल. ही मागितली जाणारच, पोराची फी, बहिणीचं लग्न, घराचे पत्रे. एक महिन्याच्या पगारापेक्षा जास्त देऊ नका आणि दर महिन्याला किती कापायचे ते त्याच पानावर मागच्या बाजूला लिहा. मोठी उचल दिली की तुम्ही त्याला काही बोलू शकत नाही आणि तो पण तुम्हाला सोडून जाऊ शकत नाही, दोघं एकमेकांच्या गळ्यात.

इन्शुरन्सचे पन्नास रुपये

हे वाचून आजच्या आज पॉलिसी काढून बघा. गाडीच्या पॉलिसीत जो १५ लाखाचा अपघात विमा असतो तो मालक-चालकासाठी, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी. पगारी ड्रायव्हर त्यात येत नाही. त्याच्यासाठी पेड ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी असं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, त्याचा प्रीमियम वर्षाला एका ड्रायव्हरमागे ५० रुपये असतो. काम करताना ड्रायव्हरला काही झालं तर नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मालकावर जे देणं येतं, ते यातून जातं. ऑनलाइन पॉलिसी घेताना ते खाली एका कोपऱ्यात टिक न केलेलं असतं आणि आपण स्वस्त पडावं म्हणून पुढे जातो. मी चार वर्षं तसाच पुढे गेलो होतो. याशिवाय ड्रायव्हरसाठी अपघात विम्याचं पण वेगळं कव्हर जोडता येतं, एजंटला म्हणा पेड ड्रायव्हरचं दोन्ही टाका.

टोल, डिझेल आणि हिशोब

फास्टॅग मालकाच्या मोबाईलला जोडलेला ठेवा, ड्रायव्हरच्या नाही. प्रत्येक टोलचा मेसेज येतो, त्यामुळे बायको नशिराबादच्या टोलवरून किती वाजता निघाली हे मला न विचारता कळतं, हेरगिरी पण नाही आणि काळजी पण नाही. रोज भुसावळ अप-डाऊन असेल तर वार्षिक पासचं गणित करून बघा. ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, म्हणजे टोल ओलांडायचे १५ रुपये. पण जाणं एक आणि येणं एक अशा दोन धरतात, महिन्याला ५२ झाल्या की चार महिन्यांच्या आतच २०० संपतात, वर्षभर पुरेल असं समजू नका. खासगी गाडीलाच मिळतो आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर नाही.

डिझेलला रोख पैसे देऊ नका, एक पंप ठरवा आणि तिथे यूपीआयने आपणच द्या. टाकी फुल केली की किलोमीटरचा फोटो पाठवायला सांगा, दोन फोटोंमधून ॲव्हरेज निघतं. पण अर्धा-एक किलोमीटर कमी आला म्हणून माणसाला चोर ठरवू नका, मे महिन्यात एसी फुलवर असला की ॲव्हरेज पडतंच.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे ४५ डिग्री. आपण लग्नाच्या हॉलमध्ये कूलरखाली आणि तो बाहेर पत्र्यासारख्या तापलेल्या गाडीत, काच उघडली तरी भट्टी, लावली तरी भट्टी. पाण्याचा थंडा जार गाडीत ठेवा, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा त्याला सावली कुठे आहे आणि जेवायला कोणत्या पंगतीत बसायचं हे सांगून मग आत जा. आपल्याकडे ड्रायव्हर लोक शेवटच्या पंगतीला जेवतात, तोपर्यंत वऱ्हाडाची निघायची घाई सुरू झालेली असते, आणि वरण-बट्टी, तूप, वांग्याची भाजी पोटात गेल्या-गेल्या माणूस स्टेअरिंगवर. त्या जेवणानंतर आपण स्वतः तीन तास आडवे पडतो! त्याला आधी जेवू द्या, किंवा जेवल्यावर अर्धा तास मागची सीट पाडून झोपू द्या.

लांबचा प्रवास

आमच्या घरी आता एक नियम आहे, रात्री १० नंतर हायवे नाही, आणि पहाटे ५ च्या आत निघायचं नाही. २ ते ५ ही झोपेची खरी वेळ, कोणी किती पण चहा प्यायला तरी. पुण्याला जायचं तर चाळीसगावहून कन्नड घाटाने जा किंवा अजिंठ्याहून सिल्लोडने, दोन्हीकडे घाट आहे आणि घाट उजेडात. सुरतेकडे कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन, धुळ्याहून मालेगावकडे लळिंग, सगळीकडे तेच. लग्नाला रात्री परत यायलाच लागतंय म्हणणाऱ्यांनी एक रूम जास्तीची घ्यावी, ड्रायव्हरसाठी. हो, रूम. गाडीत झोपवलेला माणूस सकाळी आपल्याला घेऊन चारशे किलोमीटर जाणार असतो.

दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवायची, त्याने मागितलं नाही तरी. तो मागत नाही, कारण साहेबांना उशीर होईल असं त्याला वाटतं. पुढच्या सीटवर जागं राहणारं कोणीतरी बसवा. जांभया, सारखं काच खाली-वर, गप्प बसलेला माणूस अचानक तंबाखूची पुडी काढतो, पांढऱ्या पट्टीवरून गाडी घासत जाते, यातलं एक जरी दिसलं तरी पहिल्या ढाब्यावर गाडी घाला आणि वीस मिनिटं झोपायला लावा. आणि "उशीर झाला रे" हे वाक्य मागून बोलायचंच नाही. मागचे सगळे बेल्ट लावून, मागच्या सीटवर पण, ते कायद्याने बंधनकारक आहेच.

पोरं, म्हातारी माणसं

पोराला शाळेत सोडताना पहिला महिना घरातलं कोणीतरी सोबत जावं. ड्रायव्हर काका म्हणून पोरं लगेच चिकटतात, ते चांगलंच आहे, पण वाटेत थांबून काही घ्यायचं नाही, गाडीत पोराला एकटं ठेवून उतरायचं नाही, उन्हाळ्यात तर दोन मिनिटं पण नाही, हे दोघांनाही समोरासमोर सांगा. नानांसारख्या माणसांचं दुखणं वेगळंच असतं, चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवलेली, आता शेजारी बसून प्रत्येक गिअरला सूचना. आमच्या वडिलांनी पहिल्या ड्रायव्हरला पंधरा दिवसात वैताग आणला होता. आता त्यांना मागे डाव्या बाजूला बसवतो आणि गाडी धुतली की नाही, हवा बघितली की नाही ही खाती त्यांच्याकडे दिलीत, दोघांचं जमतं.

घरच्या चाव्या आणि गाडीची चावी एका जुडग्यात ठेवू नका. बदली ड्रायव्हर कोण हे आपल्याच ड्रायव्हरला विचारून आधी ठरवा, त्याचंही लायसन्स तपासा आणि त्याची पण एक ट्रायल घ्या, कारण लग्नाच्या दाट तिथीला ऐनवेळी जो रिकामा सापडतो तो का रिकामा आहे हा प्रश्नच असतो.

सोडून जायची वेळ आली तर महिनाभर आधी सांगायचं, दोघांनी, हे पहिल्या दिवशीच्या पानावर असू द्या. शेवटच्या दिवशी उचलीचा हिशोब, राहिलेले जास्तीचे तास, दिवाळीला तीन महिने राहिले असतील तर बोनसचा त्याच्या वाट्याचा भाग, सगळं त्याच दिवशी द्या. गाडीची दुसरी चावी परत घ्या, शाळेला आणि सोसायटीच्या वॉचमनला कळवा, आणि पुढच्या घरून तुम्हाला फोन येईल, परत ठेवाल का म्हणून, तेव्हा खरं ते सांगा.